अंडरडॉगची ओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठी स्पर्धा सुरू झाली, एखाद्या नवख्या संघाने मातब्बराला लोळवलं, की त्याच आठवड्यात हे प्रश्न पुन्हा येतात. काही कुतूहलाने विचारलेले, काही जरा चिडून. नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. अंडरडॉग म्हणजे नक्की कोण? जो हरतो तोच ना?

नाही. अंडरडॉग सामन्याआधी ठरतो, निकालावरून नाही. ज्याने जिंकावं अशी अपेक्षा फारशी कुणी ठेवलेली नाही, तो अंडरडॉग. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर उतरलेला भारतीय संघ तसा होता, कारण समोर १९७५ आणि १९७९ या दोन्ही विश्वचषकांचा विजेता वेस्ट इंडीज उभा होता. १८३ धावांत डाव आटोपल्यावर तर उरलीसुरली आशाही गेली होती. पुढे तो ४३ धावांनी जिंकला म्हणून त्याचं त्या सकाळचं अंडरडॉगपण पुसलं जात नाही. आणि क्लाइव्ह लॉइडचा संघ हरला म्हणून अंडरडॉग ठरत नाही.

शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांच्या झुंजींवरून रूढ झाला. झुंजीत खाली सापडलेला तो अंडरडॉग, वर बसलेला तो टॉप डॉग.

२. मराठीत याला शब्द नाही का? कुठे ‘दुबळा’ वाचतो, कुठे ‘लिंबूटिंबू’, कुठे ‘छुपा रुस्तम’.

तिघांचे अर्थ वेगळे आहेत. ‘दुबळा’ फक्त ताकद सांगतो, अपेक्षेबद्दल काही बोलत नाही. छुपा रुस्तम मुळात दुबळा नसतोच. त्याची ताकद लोकांना ठाऊक नसते, एवढंच. ‘लिंबूटिंबू’मध्ये हेटाळणी आहे. ज्याला मोजायचंच नाही त्याच्यासाठी तो शब्द.

आणि इथे लहानपणीच्या खेळातला कच्चा लिंबू आठवतो. सगळ्यात धाकटं पोर रडतं म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पण ते बाद झालं तरी बाद धरायचं नाही. अंडरडॉग याच्या नेमका उलटा. त्याला कसलीही सवलत नाही, तो बाद झाला की बादच, नियम सगळ्यांना असतात तेच. सवलत मागून घेतली असती तर आपल्याला त्याचं काही वाटलं नसतं. हा फरक एका शब्दात सांगणारा मराठी शब्द मला सापडलेला नाही, म्हणून इथे ‘अंडरडॉग’च वापरला आहे.

३. दोन्ही संघांशी माझा काडीचा संबंध नसतो. तरी पाच मिनिटांत मी दुबळ्याच्या बाजूने ओरडायला लागतो. असं का?

कारण तो सौदा तुम्हाला परवडतो. हिशेब करून पाहा. बलाढ्य संघाची बाजू घेतली आणि तो जिंकला, तर जे होणारच होतं ते झालं. हरला तर मात्र तुमचंच हसं. दुबळ्याची बाजू घेतली आणि तो हरला, तर ‘हरणारच होता’ म्हणून टीव्ही बंद करून झोपता येतं. जिंकला तर त्या रात्री झोपच येत नाही. घालवायला काही नाही आणि मिळालं तर घबाड, असा व्यवहार कोण सोडेल?

हे नुसतं माझं मत नाही. फ्रेझियर आणि स्नायडर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९१मध्ये विद्यार्थ्यांना एक काल्पनिक लढत दिली होती. ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संघ, सात सामन्यांची मालिका, ‘अ’चं पारडं खूप जड. संघांना नाव नाही, गाव नाही, रंग नाही, खेळाडू नाहीत. कुणाच्या बाजूने, असं विचारल्यावर पाचांतल्या चौघांनी ‘ब’ निवडला. ज्याच्याबद्दल ‘हरण्याची शक्यता जास्त’ याखेरीज काहीच माहीत नाही, त्याच्यावर लोकांचा जीव जडला. त्यांनी याचा अर्थ लावला तो वरच्या हिशेबासारखाच: अनपेक्षित यशाचा आनंद जास्त, अपेक्षित अपयशाचं दुःख कमी.

पण हिशेबाखाली आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तटस्थ माणसाला कुणी एक संघ जिंकायला नको असतो, त्याला सामना हवा असतो. दुबळ्याने पहिला गोल केला की सामना जिवंत होतो, बलाढ्याने केला की बऱ्याचदा संपतो. दुबळ्यासाठी ओरडताना आपण पुष्कळ वेळा ‘एवढ्यात संपू नका रे’ एवढंच म्हणत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवली तर खालची पुष्कळ कोडी (विशेषतः ६, ९ आणि १०) सुटतात.

४. म्हणजे सगळा हिशेबच? दया, न्याय वगैरे काही नाही?

आहे ना. हिशेबाने ओढ लागते, पण तिला नैतिक रंग चढतो तो न्यायाच्या कल्पनेमुळे. जोसेफ व्हँडेलो, नदाव गोल्डश्मिड आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे नेमकं दिसतं. त्यांनी लोकांना दोन संघांची जिंकण्याची शक्यता सांगितली आणि खेळाडूंच्या पगारावर होणारा खर्चही सांगितला. हरण्याची शक्यता जास्त असलेला संघच जेव्हा जास्त श्रीमंत होता, तेव्हा लोकांची सहानुभूती त्याच्याकडून निघून कमी पैशांत चालणाऱ्या संघाकडे गेली. मग तो जिंकण्याची शक्यता जास्त असली तरी.

म्हणजे नुसतं मागे असणं पुरत नाही. मागे असण्याचं कारण पटावं लागतं. साधनं कमी म्हणून मागे, तर आपला. सगळं असून मागे, तर ‘बरं झालं’. अफाट पैसा ओतूनही गुणतक्त्याच्या तळाशी रेंगाळणाऱ्या क्लबला अंडरडॉग म्हणवून घेता येत नाही ते यामुळेच.

ही भावना फार लहानपणी उगवते, असंही दिसतं. जपानी संशोधकांनी २०१३मध्ये दहा महिन्यांच्या बाळांना एक आकार दुसऱ्यावर हल्ला करतो असं चलतचित्र दाखवलं. नंतर दोन्ही आकार पुढे ठेवल्यावर बाळांचा कल मार खाणाऱ्याकडे होता. गंमत अशी की २०११च्या एका प्रयोगात जवळपास याच वयाच्या बाळांची अपेक्षा मात्र मोठा आकार लहानाला वाट सोडायला लावेल अशीच होती. जिंकेल तो मोठा, आणि जीव लहानात. प्रेक्षकाचं अख्खं मन यात आलं.

५. दुबळा संघ जिवाची बाजी लावतो आणि मोठा संघ नुसता मिरवतो, असं मला नेहमी दिसतं. हे खरं असतं का?

कधी खरं असतं, पण तुम्हाला *नेहमी* दिसतं याचं कारण तुमच्या डोळ्यांत आहे. चौथ्या प्रश्नातल्या व्हँडेलो आणि सहकाऱ्यांच्याच अभ्यासात लोकांना बास्केटबॉलच्या एका सामन्याची चित्रफीत दाखवली. सामना तोच, खेळाडू तेच. फक्त कुणाला सांगितलं की आजवर हा संघ वरचढ होता, कुणाला सांगितलं की तो. ज्याला अंडरडॉग म्हटलं होतं त्याच्यात प्रेक्षकांना जास्त जिद्द, जास्त धडपड दिसली. वरचढ म्हटलेल्यात गुणवत्ता आणि हुशारी दिसली. धावत होते तेच पाय.

यात एक छुपा अपमानही आहे, तो क्वचितच कुणाच्या ध्यानात येतो. अंडरडॉग जिंकला की आपण ‘काळीज’ म्हणतो, ‘डोकं’ म्हणत नाही. १९ सप्टेंबर २०१५ला ब्रायटनमध्ये जपानने रग्बी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं. शेवटच्या क्षणी पेनल्टी मारून बरोबरी साधता येत होती, ती नाकारून त्यांनी विजयासाठी ‘ट्राय’ केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. तो क्षण धाडसाचा होता, यात वाद नाही. पण तिथपर्यंत जपान पोहोचलं ते प्रशिक्षक एडी जोन्स यांच्या हाताखाली केलेल्या काटेकोर तयारीमुळे. चमत्कार म्हणून टाळ्या वाजवल्या की ती सगळी तयारी झाकली जाते.

६. दुबळा संघ पुढे गेला की माझा उत्साह मावळतो. मी पलटी मारणारा आहे का?

तुम्ही एकटे नाही. तिसऱ्या प्रश्नातल्या प्रयोगाचा दुसरा भाग मुद्दाम इथे ठेवला होता. ‘ब’ निवडणाऱ्यांना नंतर सांगण्यात आलं की ‘ब’ने पहिले तिन्ही सामने जिंकले. आता कुणाच्या बाजूने? जवळपास निम्मे लोक ‘अ’कडे वळले.

याला पलटी म्हणायचं तर म्हणा. माझ्या मते ती एक वेगळी निष्ठा आहे, संघाशी नव्हे तर लढतीशी. ०-३ ने मागे पडलेला ‘अ’ आता खाली सापडलेला आहे. मालिका चौथ्याच सामन्यात संपू नये असं वाटणारा माणूस त्याच्याकडेच जाणार. पण ज्या संघाला आपण तीन सामने डोक्यावर घेतलं त्याला हे कळलं तर त्याला कसं वाटेल, हा प्रश्न रास्त आहे. आपलं हे प्रेम उसनं असतं आणि परतफेडीची तारीख आपणच ठरवतो.

७. मग माझा स्वतःचा संघ बलाढ्य असतो तेव्हा मला समोरच्या दुबळ्याचा पुळका का येत नाही?

कारण तिथे हिशेबच बदलतो. स्वतःच्या संघाच्या विजयातून तुम्हाला काहीतरी वैयक्तिक मिळतं. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये दाखवलं की विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त घालून येतात. बोलतानाही जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’ आणि हरल्यावर ‘ते हरले’. ‘आपण’ आणि ‘ते’ यांतलं अंतर एका निकालाचं.

दुबळ्याबद्दलची माया ही तटस्थ माणसाची चैन आहे. पणाला स्वतःचं काही लागलं की ती आधी आटते.

८. उलटा प्रश्न. मला तटस्थ असूनही मोठ्याच खेळाडूने जिंकावं असं वाटतं. माझ्यात काही कमी आहे का?

मुळीच नाही. पाचवा विद्यार्थीही होताच की.

काही गोष्टी पाहायला आपण स्टेडियममध्ये जातो त्या मुळी बलाढ्यांच्याच असतात. उसेन बोल्टने २००९मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत संपवले, तेव्हा बाजूच्या रांगेतल्या कुणी त्याला गाठावं अशी इच्छा किती तटस्थांची असेल? ती शर्यत घड्याळाशी होती आणि घड्याळापुढे बोल्टच लहान होता.

यातलं खरं कोडं वेगळं आहे. एकेकाळचा सम्राट म्हातारा झाला की लोक त्याला अंडरडॉग करून टाकतात. २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात रॉजर फेडरर आठ वेळचा विजेता होता, तरी सेंटर कोर्टवरचा बहुतेक आवाज त्याच्यासाठी होता. समोर अव्वल मानांकित नोव्हाक जोकोविच, आणि फेडरर सदतीस वर्षांचा. दोन मॅच पॉइंट हातात असताना तो हरला. पदकं मोजली तर तो दुबळा कसा? पण त्या दिवशी त्याचा प्रतिस्पर्धी वय होतं, आणि वयापुढे सगळेच अंडरडॉग.

९. एकाच सामन्यात अंडरडॉग बदलू शकतो का?

बदलू शकतो, आणि याचं मी पाहिलेलं सगळ्यात ठळक उदाहरण ७ नोव्हेंबर २०२३चं, वानखेडेवरचं. अफगाणिस्तानने २९१ धावा केल्या आणि पाच वेळच्या विश्वविजेत्या ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ केली. इथपर्यंत तटस्थांचं मन कुठे होतं हे सांगायला नको. मग ग्लेन मॅक्सवेलच्या पायांत गोळे आले. त्याला धावता येईना, पाय हलवता येईना, जागेवर उभा राहून तो नुसत्या हातांनी चेंडू सीमेबाहेर भिरकावत राहिला. १२८ चेंडूंत नाबाद २०१, आणि ऑस्ट्रेलिया तीन गडी राखून जिंकली.

नकाशावर, इतिहासात, साधनांत अंडरडॉग अफगाणिस्तान. खेळपट्टीवर अंडरडॉग एक लंगडणारा माणूस. मला आठवतं, संध्याकाळी अफगाणिस्तानसाठी हात जोडून बसलेले लोक रात्री मॅक्सवेलसाठी उभे राहिले होते, आणि त्यांतल्या कुणालाच आपण बाजू बदलली असं वाटलं नव्हतं. डोळ्यांसमोर जो खाली सापडलेला दिसतो तो मनातल्या तक्त्यापेक्षा बलवान ठरतो. पुढच्याच वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषकात किंग्जटाउनला अफगाणिस्तानने ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि पुढे उपांत्य फेरी गाठली, तेव्हा ते उधार राहिलेलं प्रेम बऱ्याच जणांनी व्याजासह चुकतं केलं.

१०. ग्रीसने २००४ची युरो फुटबॉल स्पर्धा जिंकली, तर लोकांनी नाकं का मुरडली? तो तर पक्का अंडरडॉग होता.

पक्काच. त्याआधी एखाद्या मोठ्या स्पर्धेत त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता. २००४मध्ये यजमान पोर्तुगालला सलामीला हरवलं आणि अंतिम सामन्यातही हरवलं, तेही लिस्बनमध्ये. उपांत्यपूर्व फेरीत गतविजेता फ्रान्स, उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताक. बाद फेरीचे तिन्ही सामने १-० असेच जिंकले.

अडचण त्या १-० मध्ये होती. प्रशिक्षक ऑटो रेहागल यांनी संघाला कडेकोट बचाव शिकवला होता. समोरच्याला खेळू द्यायचं नाही, एखादा कॉर्नर मिळाला की डोक्याने गोल करायचा आणि पुन्हा दार लावून घ्यायचं. ग्रीसमध्ये लोक रस्त्यावर नाचले. बाहेरच्या पुष्कळांना मात्र फसवणूक झाल्यासारखं वाटलं. आपल्याला दुबळ्याने जिंकायला हवं असतं, पण रंगत आणून. दुबळ्याला मात्र फक्त जिंकायचं असतं. कमी साधनांच्या संघापुढे बचाव हाच शहाणपणाचा मार्ग असेल तर त्याने प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी मोकळं खेळून ५-० ने हरावं का? इथे मी ठामपणे ग्रीसच्या बाजूचा आहे.

११. खरं सांगा, हे दुबळ्यावरचं प्रेम आहे की मोठ्यावरचा राग?

दोन्ही, आणि प्रमाण सामन्यागणिक बदलतं. दुसऱ्याची फजिती पाहून होणाऱ्या आनंदावर २००३मध्ये डच विद्यार्थ्यांना घेऊन एक अभ्यास झाला. जर्मनी दुसऱ्याच कुठल्या तरी संघाकडून हरली, याचा त्यांना आनंद होत होता, आणि आपल्या स्वतःच्या संघाच्या अपयशाची जखम ताजी असली की तो वाढत होता. जिंकणारा कोण, याच्याशी देणंघेणं नाही.

स्वतःची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. सामना संपल्यावर तुमची नजर कॅमेऱ्यात कुणाला शोधते? उड्या मारणाऱ्यांना, की मान खाली घालून निघालेल्या मोठ्या खेळाडूला? उत्तर स्वतःपुरतं ठेवलंत तरी चालेल.

१२. शेवटच्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूला लोक उभं राहून टाळ्या देतात. ते प्रेम की थट्टा?

सिडनी ऑलिम्पिक, २०००. इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी १०० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक शर्यतीत उतरला. पोहायला शिकून त्याला वर्षही झालं नव्हतं आणि पन्नास मीटर लांबीचा तलाव त्याने तिथे जाईपर्यंत पाहिला नव्हता. विकसनशील देशांसाठीच्या विशेष प्रवेशावर तो आला होता. त्याच्या शर्यतीतले इतर दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले, म्हणून अख्ख्या तलावात तो एकटा. परतीच्या टप्प्यात तो बुडतो की काय असं वाटलं. वेळ लागला १ मिनिट ५२.७२ सेकंद. अव्वल जलतरणपटू त्याच्या निम्म्यापेक्षा कमी वेळात पोहत होते. प्रेक्षकांनी त्याला आवाजावर उचलून काठापर्यंत आणलं.

त्या टाळ्यांत हसू मिसळलेलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रश्नातल्या कच्च्या लिंबाकडे पाहतानाचं तेच हसू. पण मुसांबानीने सवलत घेतली ती दारापर्यंत. पाण्यात उतरल्यावर शंभर मीटर सगळ्यांना असतात तेवढेच होते, ते त्याने पुरे केले. पुढे तो आपल्या देशाच्या जलतरण संघाचा प्रशिक्षक झाला.

संयोजकांना मात्र अशी माणसं नेहमीच रुचत नाहीत. १९८८च्या कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की जंपिंगच्या दोन्ही प्रकारांत शेवटचा आलेला ब्रिटनचा एडी एडवर्ड्स विजेत्यांपेक्षा जास्त लाडका झाला, आणि त्यानंतर पात्रतेचे नियम कडक करण्यात आले. लोकांचं प्रेम एका बाजूला, खेळाचा दर्जा दुसऱ्या. मला यात दोन्ही बाजू पटतात, म्हणून निवाडा देत नाही.

१३. अंडरडॉग जिंकण्याची शक्यता कुठल्या खेळात जास्त?

जिथे गुण कमी होतात तिथे. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल, त्यामुळे एखादा उसळलेला चेंडू सामना फिरवतो. २२ नोव्हेंबर २०२२ला लुसेलमध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं, ते ४८व्या आणि ५३व्या मिनिटाच्या दोन गोलांवर. त्याआधी अर्जेंटिना ३६ सामने अपराजित होती, आणि त्याच स्पर्धेत पुढे विश्वविजेती झाली. बास्केटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून दीड-दोनशे गुण होतात, तिथे नशिबाचे फटके एकमेकांना छेदून जातात आणि शेवटी चांगला संघ वर तरंगतो. टी-ट्वेंटीत कसोटीपेक्षा जास्त धक्के बसतात त्याचंही कारण हेच.

लढत जितकी लांबवाल तितका दुबळा मरतो. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ३० टक्के असलेला संघ घ्या आणि प्रत्येक सामना स्वतंत्र धरा. सातांपैकी चार जिंकायचे असतील तर त्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आत येते. टेनिसमध्ये प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ३० टक्के असेल, तर तीन सेटच्या सामन्यात साधारण २२ टक्के आणि पाच सेटच्या सामन्यात १६ टक्के.

१४. मग अंडरडॉगवर पैसे लावणं फायद्याचं का?

नाही. घोड्यांच्या शर्यतींच्या अभ्यासातून १९४९पासून माहीत असलेली गोष्ट आहे: ज्यांचा भाव मोठा असतो, म्हणजे जिंकण्याची आशा कमी असते, त्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि एकुणात जास्त बुडतात. मन ओढलं जातं तिथे खिसा नेऊ नये.

१५. काही संघ ताकदवान असूनही स्वतःला अंडरडॉग का म्हणवतात?

दडपण समोरच्याच्या खांद्यावर टाकायला. प्रशिक्षकांचा हा फार जुना डाव आहे आणि बहुतेक वेळा तो पत्रकारांनाच खरा वाटतो. पण त्यात नुसतं नाटक नाही. समीर नूरमोहमद यांनी २०२०मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार, लोकांनी आपल्याकडून कमी अपेक्षा ठेवली आहे हे कळल्यावर माणसाची कामगिरी सुधारू शकते, मात्र ते लोक फार जाणकार नाहीत असं त्याला वाटत असेल तर. ‘यांना काय कळतंय’ हा राग कामी येतो.

अमेरिकी फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सने २०१८च्या सुरुवातीला याचं मुखवट्यांत रूपांतर केलं. आपल्या गटात अव्वल असूनही बाद फेरीत सट्टेबाजांनी त्यांना कमी लेखलं, तर सामना जिंकल्यावर त्यांच्या दोन खेळाडूंनी कुत्र्याचे मुखवटे चढवले. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकही मुखवटे घालून आले. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ४१-३३ हरवलं.

१६. अंडरडॉग जिंकला की पुढे त्याच्यावरचं प्रेम टिकतं का?

फार नाही. मुष्टियोद्धा बस्टर डग्लसने ११ फेब्रुवारी १९९०ला टोकियोत अपराजित माइक टायसनला दहाव्या फेरीत लोळवलं, तेव्हा भाव ४२ला १ होता. आठ महिन्यांनी इव्हँडर होलीफील्डने त्याला तिसऱ्याच फेरीत झोपवलं, तेव्हा फारसं कुणी हळहळलं नाही.

लेस्टर सिटीची कहाणी लांबलचक. २०१४-१५मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल प्रीमियर लीगमधून बाहेर फेकले जाता जाता वाचलेला क्लब, पुढच्या हंगामाआधी विजेतेपदाचा भाव ५,०००ला १. आघाडीचा खेळाडू जेमी वार्डी २०१२पर्यंत व्यावसायिक लीगच्याही खाली, तिच्या बाहेरच्या पातळीवर खेळत होता. मे २०१६मध्ये त्यांनी १० गुणांच्या आघाडीने लीग जिंकली. नऊ महिन्यांत प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना काढून टाकलं. तो निर्णय मला आजही कृतघ्न वाटतो, पण एकदा विजेता झालात की विजेत्याच्या मापाने मोजले जाता. २०२३मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला.

१७. दोन्ही बाजूंना अंडरडॉगच असतील तर?

२०२१च्या अमेरिकन ओपनची महिला अंतिम लढत तशी होती. एका बाजूला अठरा वर्षांची एमा राडुकानू, पात्रता फेरीतून आलेली, जागतिक क्रमवारीत १५०वी. दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांची लेला फर्नांडेझ, ७३वी. दोघीही बिगरमानांकित. आकड्यांवर पाहिलं तर राडुकानूच जास्त अंडरडॉग. पण ती अंतिम फेरीपर्यंत एकही सेट न गमावता आली होती, आणि फर्नांडेझने ओसाका, कर्बर, स्वितोलिना आणि सबालेंका यांना लागोपाठ चार तीन-सेटी लढतींत झुंजून हरवलं होतं. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी तिला त्या चारही वेळा ओरडून पार नेलं होतं. मी तिच्या बाजूने बसलो होतो, क्रमवारी विसरून. राडुकानू ६-४, ६-३ अशी जिंकली. बक्षीस समारंभाच्या शेवटी फर्नांडेझने ध्वनिक्षेपक पुन्हा मागून घेतला. त्या दिवशी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना वीस वर्षं झाली होती. त्यावर ती न्यूयॉर्ककरांशी दोन वाक्यं बोलली, आणि स्टेडियम पुन्हा उभं राहिलं.